वेल्डा टीगने मारलेली पाचर

गिटारवाल्यांच्या मासिकात हॉइट लॅसिटरची मुलाखत छापून आली, ती वेल्डाने सपल्पातल्या हॉटेलात न्याहारी करताना वाचली. हॉटेलवाली बर्निस हिनेच मासिक उघडून तिच्यापुढे ठेवलं.

"तुझ्या नवऱ्याचा फोटो आलाय बघ."

"होता एकेकाळी नवरा," वेल्डा म्हणाली आणि पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत वाचू लागली.

हॉइटने त्यात बरंच काही सांगितलं होतं. ओक्लाहोमातल्या एका साध्या गॅरेजमध्ये गिटारचा आवाज मोठा करणारे लॅसिटर अॅम्प कसे जन्माला आले, नॅशव्हिलचे मोठमोठे वादक एकेका अॅम्पसाठी कसे ताटकळतात, जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या हातबनावटीच्या अॅम्पची सर यंत्रावर निघालेल्या मालाला कशी येत नाही. आणि शेवटी म्हटलं होतं, "सगळा खेळ कानाचा. तो कान देवाने मला दिला. माझी तेव्हाची बायको होती मदतीला, नाही असं नाही. बिचारी तारांना डाख लावायची, आणि कॉफी फार छान करायची."

वेल्डाने ते पुन्हा वाचलं. डाख लावायची, हे खरंच होतं. तिच्याइतका स्वच्छ डाख अख्ख्या टल्सात कुणी लावत नसे. तिच्या डोक्यात तिडीक गेली ती 'बिचारी' या शब्दाने.

"काय म्हणतोय?" बर्निसने विचारलं.

"माझी कॉफी छान असायची म्हणे."

"मग चांगलंच म्हणतोय की!"

"मी कॉफी पीत नाही, बर्निस. आयुष्यात कधी केली नाही. घरात कॉफी तो करायचा." वेल्डाने मासिक मिटलं. "आणि कान माझा होता."

ग्रेव्ही तशीच टाकून ती उठली. बर्निसने नंतर सगळ्यांना सांगितलं, की वेल्डाला ताट टाकून उठताना तिने तेवढं एकदाच पाहिलं.

वेल्डाचे वडील तेलाच्या विहिरींवर कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे रेडिओ दुरुस्त करत. मागून उघडलेला रेडिओ, त्यातले तांबूस उजळलेले व्हॉल्व्ह, आणि तापलेल्या धुळीचा वास, यातच पोरीचं बालपण गेलं. पुढे ती टल्साच्या विमानांच्या कारखान्यात तारांचे जुडगे बांधायला लागली. तिथल्या बायका शनिवारी नाचाला जात. अशाच एका शनिवारी स्टेजवरच्या गिटारवाल्याच्या अॅम्पमधून धूर यायला लागला आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता. वेल्डा सरळ स्टेजवर चढली आणि तिने प्लग उपटला.

"ओ बाई, हे काय चाललंय?" गिटारवाला ओरडला.

"तुमचा डबा पेटलाय. आधी विझवू की आधी गाणं संपवताय?"

तो हॉइट. देखणा, बोलघेवडा, आणि हात खरंच चांगला. वेल्डाने त्याचा अॅम्प दुरुस्त करून दिला, आणि दुरुस्तीनंतर तो पहिल्यापेक्षा गोड वाजायला लागला. वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं.

लॅसिटर अॅम्पचा आवाज ज्या पद्धतीने घडला ती पद्धत वेल्डाचीच. अॅम्पचा सांगाडा टेबलावर उताणा ठेवायचा, चालू. हॉइट स्टुलावर बसून तीच ती सुरावट वाजवायचा. वेल्डाच्या हातात विणायची लाकडी सुई. आत जिवावर बेतेल इतकी वीज खेळत असायची, म्हणून लाकडी. त्या सुईच्या टोकाने ती एकेक तार केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायची. तार दुसऱ्या तारेच्या फार जवळ गेली की आवाज गुरगुरायचा, फार लांब नेली की कोरडा पडायचा.

"थांब. पुन्हा वाजव."

"अगं, सारखंच तर वाजतंय!"

"तुला सारखं वाजत असेल. वाजव."

मग एखाद्या क्षणी तो आवाज यायचा. हलक्या हाताने छेडलं तर घंटेसारखा स्वच्छ, आणि जोर दिला की कडेला किंचित फाटणारा, भर गाण्यात गायकाचा गळा भरून यावा तसा. वेल्डा सुई बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "लाव झाकण." हॉइट झाकण लावायचा आणि त्यावर आपलं नाव ठोकायचा.

बरीच वर्षं हे असं चाललं. मग टल्सातल्या बुटांच्या दुकानातली एक बाई आली, आणि घर मोडलं. नाव त्याचं म्हणून दुकानही त्याचंच ठरलं. वेल्डा आपलं माहेरचं टीग आडनाव आणि ती लाकडी सुई घेऊन सपल्पाला वडिलांच्या घरी परत आली. मागच्या गॅरेजमध्ये तिने दुरुस्तीचं दुकान टाकलं. गंमत अशी, की तिच्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक लॅसिटरवालेच. हॉइटकडे दुरुस्तीला टाकलेला अॅम्प महिनोन्‌महिने परत येत नसे. वेल्डा दोन दिवसांत करून द्यायची. आपल्याच हातची जुनी पोरं दुसऱ्याचं नाव लावून दारात यायची आणि ती मुकाट्याने त्यांचे व्हॉल्व्ह बदलायची. मुलाखत छापून येईपर्यंत तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

मुलाखतीनंतर सर्वांत आधी दारात आला तो हार्लन योकम. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, उंच, हळू बोलणारा माणूस. वेल्डाच्याच चर्चमध्ये, जिथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत, दर रविवारी भजनाला गिटार वाजवायचा. त्याचा लॅसिटर त्याच्या बायकोने, नेटीने, गोधड्या शिवून-विकून त्याला घेऊन दिला होता. नेटी आता अंथरुणाला खिळली होती.

"सिस्टर वेल्डा, एक व्हॉल्व्ह गेलाय वाटतं. मध्येच फुसफुसतो."

"ठेवा ब्रदर. परवा या. नेटी कशी आहे?"

"रोज संध्याकाळी वाजवायला लावते. म्हणते, औषधापेक्षा बरं वाटतं."

हार्लन गेला. वेल्डाने अॅम्प उघडला, व्हॉल्व्ह बदलला. आणि मग कितीतरी वेळ ती त्या उघड्या सांगाड्याकडे बघत बसली. प्रत्येक तार तिने ठेवली होती तिथेच होती. वर झाकणावर पितळी अक्षरांत लॅसिटर.

तिने खणातून तांदळाएवढा एक कपॅसिटर काढला आणि आतल्या पट्टीच्या खालच्या बाजूला, उलटं केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, डाख देऊन बसवला. वर थोडं मेण लावलं. एवढ्याशा त्या दाण्याने आवाजातली सगळी वरची झळाळी पिऊन टाकली. सूर तेच, जोरही तोच, पण कुणीतरी अॅम्पवर जाडजूड गोधडी टाकावी तसं वाटायला लागलं. वेल्डाने स्वतः दोन सूर छेडून पाहिले. तिच्या अंगावर काटा आला. मग ती हसली.

तिचा हिशोब सरळ होता. लोक आवाज बसल्याची तक्रार घेऊन हॉइटकडे जाणार. हॉइट पहिला सूर ऐकताच ताडणार की आत काहीतरी आहे. उघडणार, उलटं करणार, दाणा सापडणार, आणि डाख बघताच ओळखणार की हे कुणाचं काम. तो चिडून सपल्पाला यावा, दारात उभा राहून ओरडावा, हेच तिला हवं होतं. मग सगळ्या गावासमोर त्याला विचारायचं होतं, काय रे, बिचारीचं काम आवडलं का?

त्या उन्हाळ्यात जो जो लॅसिटर दुरुस्तीला आला, त्याच्या पोटात एक दाणा गेला.

आणि हॉइट आला नाही.

तक्रारी मात्र गेल्या. मस्कोगीचा एक वादक वेल्डाकडे येऊन चडफडत होता, "मी त्याला म्हटलं, आवाज मेलाय. त्याने माझ्यासमोर वाजवून पाहिलं आणि मलाच म्हणतो, अगदी पहिल्यासारखा आहे, तुझ्या कानात मळ झालाय, धुऊन ये!"

"उघडून नाही बघितलं त्याने?"

"कशाला उघडतो! पाठीवर थाप मारली आणि वाटेला लावलं."

वेल्डाला आधी वाटलं, हा नाटक करतोय. त्याला दाणा सापडलाय, आणि मुद्दामच मला दाद देत नाहीये. त्या विचाराने तिचा जळफळाट आणखी वाढला. तिकडे लोकांत कुजबुज सुरू झाली, की लॅसिटरमध्ये आता पहिला दम राहिला नाही. हॉइटला तोंडावर सांगणाऱ्यांचा तो अपमान करी, म्हणून त्यांनी त्याच्या पाठीमागे सांगायला सुरुवात केली. वेल्डाच्या कानावर हे सगळं यायचं, आणि त्या दिवशी ती जरा जास्त जेवायची.

ऑगस्टमध्ये नेटी योकम गेली. चर्चमध्ये माणूस मावत नव्हता. हार्लनने ठरवलं होतं, की तिच्या आवडीचं भजन तिच्या शवपेटीशेजारी बसून आपणच वाजवायचं. तो बसला, लॅसिटर चालू केला, आणि वाजवायला लागला. वेल्डा तिसऱ्या बाकावर होती. आवाज गोधडीखालून येत होता. हार्लनने हात वर करून बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं. काही होईना. मग त्याने मान खाली घालून तसंच पूर्ण केलं. लोक रडत होते ते नेटीसाठी. वेल्डाला मात्र एकेक सूर नखाने खरवडल्यासारखा लागत होता. भजन संपलं तेव्हा तिच्या मनात आलं, की आत्ताच उठावं आणि याच्या कानात सांगावं, द्या तो डबा, आत्ता नीट करून देते.

ती उठली नाही. नंतर चर्चच्या मागच्या खोलीत जेवण होतं. तळलेलं कोंबडं, भेंडी, घेवडा आणि मक्याचा पाव. हार्लन स्वतःच तिच्याकडे आला.

"सिस्टर, आज बरोबर वाजला नाही ना?"

"हॉइटला दाखवा," वेल्डा म्हणाली. "त्याने बनवलाय. त्यालाच जाब विचारा."

हार्लनने खरंच दाखवला. हॉइटने त्यालाही कानातला मळ ऐकवला. पण म्हाताऱ्याची बायको नुकतीच गेलेली, लोक बघत होते, म्हणून त्याने हार्लनला वापरायला दुसरा अॅम्प दिला आणि हा ठेवून घेतला. त्याच सुमारास टल्साच्या जत्रेच्या मैदानावर गिटारवाल्यांचा वार्षिक मेळा होता. मेळ्याचा संयोजक टूली बॉनर याने जाहीर केलं, की यंदा पडद्याआड तीन अॅम्प ठेवायचे, एकाच माणसाने एकाच गिटारवर वाजवायचे, आणि लोकांनी नुसतं ऐकून निवड करायची. हॉइट तिथल्या तिथे बोलून बसला, "लोक ज्याला बिघडलेला म्हणतात ना, तोच योकमचा अॅम्प मी पडद्याआड ठेवतो. बघू कोण काय म्हणतं."

वेल्डाला हे कळलं तेव्हा तिने हातातली डाखाची सळई खाली ठेवली. मग फोन उचलून टूलीला म्हणाली, "माझं नाव लिही. माझाही एक आहे."

तिचा नव्हता. पण मेळ्यापर्यंत तिने बनवला. पाइनच्या लाकडाचं साधं खोकं, रंगसुद्धा नाही. स्टुलावर बसून वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून डाव्या हाताने मांडीवरची गिटार छेडायची आणि उजव्या हाताने सुई चालवायची. एका दुपारी तो आवाज आला. तिने सुई खाली ठेवली आणि खोक्याच्या पुढच्या फळीवर तापल्या सळईने आपलं नाव जाळून लिहिलं.

मेळ्याच्या दिवशी मंडपात दोरीला चादरी टांगून पडदा केला होता. मागे तीन अॅम्प: वेल्डाचा, हॉइटने आणलेला योकमचा लॅसिटर, आणि टेक्ससच्या एका तरुण कारागिराचा. पडद्याच्या पुढे खुर्चीवर गिटार घेऊन हार्लन. टूलीने त्यालाच वाजवायला सांगितलं होतं, कारण त्याचा हात स्थिर, आणि त्याला कुणाचंच काही घेणं-देणं नाही. कुठला अॅम्प केव्हा जोडला जातो, हे मागे बसलेल्या टूलीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. हॉइट पहिल्या रांगेत, चंदेरी बक्कल लावून, पाय पसरून बसला होता. वेल्डा त्याच्याच रांगेत, पलीकडच्या टोकाला.

"काय वेल्डा, हल्ली काय करतेस?" हॉइट मोठ्याने म्हणाला.

"कॉफी," वेल्डा म्हणाली.

लोक हसले. हॉइटही हसला, पण जरा उशिरा, इतरांकडे बघून.

हार्लनने पहिल्या अॅम्पवर वाजवलं. हलके सूर पाण्यासारखे नितळ आले, आणि त्याने जोर दिला तेव्हा त्यांच्या कडा हळूच फाटल्या. मागच्या रांगेतला कुणीतरी नकळत "अहाहा" म्हणाला. दुसरा अॅम्प खणखणीत, कडक, पण त्याचे वरचे सूर बर्फ चावल्यासारखे दातांत जात होते. अर्ध्यांना तो आवडला, अर्ध्यांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्यावर पहिला सूर निघाला आणि हार्लनचा चेहरा उतरला. त्याने मान खाली घातली, अगदी नेटीच्या शवपेटीशेजारी घातली होती तशी. वेल्डाने ते पाहिलं आणि नजर वळवली.

आणि नजर वळवली ती हॉइटवर पडली. हॉइट पडद्याकडे बघतच नव्हता. तो हार्लनच्या हातांकडे बघत होता. हात तारांवर पडला, की मग त्याची मान हलायची. टूलीने पडद्यामागून हाक मारली, "हॉइट, तुझं झालं का ऐकून?" हॉइटने मान वर केली नाही. शेजाऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा तो म्हणाला, "हो हो, झक्कास." वेल्डाचे वडील तेलाच्या विहिरींवरच्या धडधडाटात बहिरे होत गेले होते. ही हसण्यातली दिरंगाई, ही दुसऱ्याच्या हातांवर खिळलेली नजर, ती ओळखून होती.

टूली पुढे आला. "हात वर करायच्या आधी बनवणाऱ्यांनी सांगा, तुमचा कुठला? हॉइट, तू आधी."

हॉइट उठला, पँट वर ओढली. "यात विचारायचं काय? पहिला. बापाला आपलं पोर कळत नाही होय? त्या आवाजाला मी जन्म दिलाय."

"नक्की?"

"बायबलवर हात ठेवून सांगतो."

मग हात वर झाले. पहिल्याला जवळजवळ सगळा मंडप. दुसऱ्याला काही. तिसऱ्याला एकही नाही. टूलीने चादर ओढली. पहिल्या जागी पाइनचं उघडं खोकं होतं आणि त्यावर काळ्या अक्षरांत, व्ही. टीग. तिसऱ्या जागी पितळी अक्षरांचा लॅसिटर.

 वेल्डा उभी राहिली.

"ऐकलंत सगळ्यांनी? पोर कुणाचं ते बापानेच सांगितलं. लॅसिटरचा आवाज कुणाचा म्हणून विचारत होतात ना इतकी वर्षं? हा माझा. पहिल्यापासून माझा. आणि माझ्याशिवाय त्याचं काय होतं ते तुम्ही तिसऱ्या नंबरला ऐकलंत."

मंडप फुटला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. हॉइट काहीतरी ओरडत होता, खोकी बदलली म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतो! मासिकाचा माणूसही तिथेच होता आणि भराभर लिहून घेत होता.

वेल्डाला वाटलं होतं, की आता पोट भरेल. भरलं नाही. त्याला दाणा दाखवायचा राहिला होता. तिने हार्लनचा अॅम्प उचलून मंडपामागे, गाड्या लावतात तिथे, आपल्या पिकअपच्या फळीवर ठेवला. वीज घ्यायला शेजारच्या लिंबूसरबताच्या गाडीवरून तार ओढली. हॉइट तणतणत मागून आलाच.

"तू मला फसवलंस!"

"फसवलं. ये, दाखवते." तिने पिकअपमधली आपली गिटार त्याच्या हातात दिली. "वाजव."

त्याने वाजवलं. गोधडीखालचा तो आवाज.

"आता बघ." तिने अॅम्प बंद केला, आतली साठलेली वीज उतरवली, पट्टी उलटी केली आणि मेण खरवडून तो तांदळाएवढा दाणा त्याला दाखवला. "उन्हाळाभर मी हे घातलंय. तुझ्या प्रत्येक अॅम्पमध्ये, जो हाती लागला त्यात. लोक तुझ्याकडे येत होते ते यासाठी." तिने कात्रीने दाणा तोडला, सगळं जागच्या जागी बसवलं, अॅम्प चालू केला. "वाजव आता."

हॉइटने वाजवलं. गाड्यांच्या त्या धुळीत सूर असा लखलखून निघाला, की सरबतवाल्याने वळून पाहिलं.

हॉइटचा चेहरा तसाच. त्याने पुन्हा वाजवलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय फरक पडला?" त्याने विचारलं.

मंडपात वेल्डाला आलेली शंका खरी होती. सगळा उन्हाळा तिने त्याची जी झळाळी चोरली होती, ती त्याच्या कानांत नव्हतीच.

"कधीपासून?" ती मोठ्याने, ओठ नीट हलवून म्हणाली.

हॉइट फळीवर बसला. "तू गेल्यानंतर. आधी झांजा गेल्या. मग पाखरं. आता बायकांचं बोलणं निम्मं तोंडाकडे बघून कळतं."

"मग अॅम्प कसे करत होतास?"

"तुझा जुना एक ठेवला होता. प्रत्येक तार कुठे आहे, ते पट्टीने मोजून तसंच उतरवायचो. एक तार इकडची तिकडे केली नाही कधी."

"आणि मुलाखतीत सांगतोस, कान माझा!"

"बहिऱ्याने दुसरं काय सांगायचं, वेल्डा?" तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "कुणाला बोलू नकोस. एवढं एक कर. हे कळलं तर धंदा संपला माझा."

"एका अटीवर. आत जा, टूलीचा माइक घे आणि सांग. कान वेल्डाचा होता. आणि ती बिचारी नव्हती."

हॉइट जागचा हलला नाही. "त्या सगळ्यांसमोर? आत्ताच माझं नाक कापलंस तेवढं पुरे नाही का?"

"नाही," वेल्डा म्हणाली.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती स्वतःच आत गेली, माइक हातात घेतला आणि सांगितलं. बाकीचं काही रंगवलं नाही. हॉइट लॅसिटरला वरचे सूर ऐकू येत नाहीत, इतकी वर्षं तो माझ्या तारा मोजून उतरवतोय, एवढंच. या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही माणसं खाली बघायला लागली. वेल्डाला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाताना तिने गाडीच्या काचा खाली केल्या आणि वाटभर गात गेली.

पण हॉइटलाही तोंड होतं. ती आत बोलत होती तेव्हा तो मागच्या मागे हार्लनला गाठून, तुटका दाणा त्याच्या तळहातावर ठेवून, सगळं सांगून मोकळा झाला होता.

सोमवारी हार्लन दुकानात आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"सिस्टर वेल्डा, खरं आहे का?"

"खरं आहे. आता काढलाय तो. अॅम्प पहिल्यासारखा झालाय."

"नेटीच्या दिवशी आत होता?"

वेल्डाने होकारार्थी मान हलवली.

"तुम्ही तिसऱ्या बाकावर होतात," हार्लन म्हणाला. "मी तुमच्याकडे आलो होतो विचारायला. ताट हातात होतं तुमच्या."

"ब्रदर, माझं भांडण त्याच्याशी होतं..."

"मग त्याच्याशी भांडायचं होतं." त्याने टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

पुढच्या वर्षभरात हॉइटचं दुकान बसलं. बुटांच्या दुकानातली ती बाई केव्हाच निघून गेली होती. तो अमारिलोला बहिणीकडे राहायला गेला. मासिकाने वेल्डावर लिहिलं, तिचा फोटो छापला, आणि पाइनच्या उघड्या खोक्यांना नॅशव्हिलहून मागणी यायला लागली. दाणे घातलेले अॅम्प तिने एकेक करून शोधले, मागवले, साफ केले. कुणाला कारण सांगितलं, कुणाला नाही. मस्कोगीच्या वादकाने मात्र आपला अॅम्प वैतागून भलत्याच माणसाला विकून टाकला होता, आणि तो कुठे गेला ते कळलंच नाही. हॉइटबद्दल कुणी विचारलं, तर ती मंडपातली गोष्ट मीठमसाला लावून सांगायची, बापाने पोर ओळखलं तिथवर आली की स्वतःच आधी हसायची. त्या बाबतीत तिला कधी पस्तावा झाला नाही. होईल असं बर्निसलाही वाटत नाही.

हार्लन अजून दर रविवारी चर्चमध्ये वाजवतो. लॅसिटर आता लखलखीत वाजतो. पण अलीकडे त्याचा एक व्हॉल्व्ह थकत चाललाय. भजनाच्या शेवटी लांबवलेल्या सुराखाली एक बारीक थरथर येते. अजून ती कुणाच्या लक्षात आलेली नाही, फक्त वेल्डाच्या आली आहे. तिने नवा व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून पास्टरच्या बायकोच्या हाती हार्लनकडे पाठवला. पुढच्या रविवारी तो तसाच, न उघडता, तिच्या बाकावर ठेवलेला होता. वेल्डाने तो पर्समध्ये टाकला, भजनाचं पुस्तक उघडलं, आणि पहिला सूर निघाला तशी ती थरथर ऐकत बसली.